तबला येण्याआधी

मिरजेला ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृत्यर्थ संगीतसभा भरते. किराणा घराण्याचे हे थोर गायक मूळचे उत्तरेतील कैराना गावचे. पण मिरज त्यांचे घर झाले. १९३७ साली मद्रासहून पाँडेचरीला जाताना वाटेतच त्यांचे देहावसान झाले आणि मिरजेच्याच मातीत ते विसावले.

एका वर्षी मी त्या सभेत मागे बसलो होतो. मध्ये गायक, पाठीशी दोन तंबोरे. तबलजी हात मांडीवर ठेवून स्तब्ध. आलाप चालला होता. बंदिश आधीच रचलेली असते, आलाप मात्र त्या क्षणी जन्मतो. मात्रा मोजणारे कोणी नाही, समेवर यायचे बंधन नाही. तरीही त्या तिघांत कसलाही गोंधळ नव्हता. मनात प्रश्न आला : ठेका धरणारा नसताना माणूस मार्गावर राहतो तो कशाच्या बळावर?

गायक मालकंस गात होता. त्या रागात रिषभ आणि पंचम वर्ज्य. म्हणून तंबोऱ्याची पहिली तारही पंचमावरून उतरवून मध्यमात मिळवलेली असते. गायकाने पंचम लावला तर त्याला अडवणारा तिथे कोणीही नसतो. केवळ राग मोडतो. नियम बाहेर उभा नसतो, तो त्याच्या कानात वसलेला असतो.

पश्चिमेतही असा प्रयोग झाला आहे. अमेरिकेत १९६१ साली जिमी जुफ्री, पॉल ब्ले आणि स्टीव्ह स्वॅलो यांनी क्लॅरिनेट, पियानो आणि बास एवढ्यांवरच जॅझ संगीत रचले. ड्रम नाही. काही भाग लिहिलेला, काही त्या क्षणी सुचलेला. ठेका सांभाळणारा नसला की लयीची जबाबदारी तिघांवर सारखीच पडते. दुसऱ्याचे ऐकल्यावाचून एक पाऊलही टाकता येत नाही.

हे सारे आठवण्याचे कारण आमच्या धर्मग्रामातील एक पिता. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि वर्षभरात मिस्सा, प्रार्थना, घरी पत्र, सारेच सुटले. पिता म्हणाला, ‘‘फादर, तिथे धाक घालायला कोणी नाही हो.’’ मी मान डोलावली. पण रात्री झोप आली नाही. त्या मुलाला धर्मशिक्षण मीच दिले होते. हजेरी घेतली, पाठांतर करवून घेतले, चुकल्यावर रागावलो. ताल पक्का केला. सूर ऐकायला शिकवले का? धाक हा तबल्यासारखा असतो. तो थांबला की, ज्याने केवळ ठेक्यावर पावले टाकली, तो थबकतो किंवा भरकटतो.

ताल नकोच, असे माझे म्हणणे नाही. आलापानंतर तबला येतो आणि गाणे बहरते. लहान मुलाला तर आधी नियमच हवा. पण नियमाचे काम माणसाला कायम धरून ठेवण्याचे नव्हे. सद्‌सद्विवेकबुद्धीचा स्वर जागा होईपर्यंत सोबत करण्याचे आहे.

तो स्वर एकदा लावला की संपले, असेही नाही. मिरजेचे तंबोरे बनवणारे कारागीर सांगतात की तारांच्या घर्षणाने घोडीवर खाचा पडतात, नाद मंदावतो आणि जवारी पुन्हा काढावी लागते. अंतःकरणाचेही तसेच आहे. माझ्याही.

नाताळला तो मुलगा घरी येणार आहे. त्याच्या पित्याला मी एवढेच सांगितले : ‘‘दारातच मिस्साची चौकशी करू नका. शेजारी बसा आणि आधी त्याचे ऐका.’’ मीही तेच करणार आहे. मुलगा काय बोलेल, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नाही.