करुणा पुरेशी की मैत्री हवी? : घरी आणलेल्या मुक्या जीवाविषयी

नवी मुंबईत घणसोलीला आमच्या परिचयाचे एक कुटुंब राहते. दोन-तीन वर्षांपूर्वी त्यांनी धम्मदीक्षा घेतली. नवरा-बायको, शाळेत जाणारी दोन मुले आणि सत्तरीची आजी असा हा संसार. मुलांच्या हट्टाखातर त्यांनी प्राण्यांच्या आश्रयगृहातून एक कुत्रा घरी आणला. तांबूस रंगाचा, एका कानाचे टोक कापलेला, साधा गावठी कुत्रा. घरात पाऊल टाकताच तो जो खाटेखाली शिरला तो तीन दिवस बाहेर आला नाही. ताटली सरकवली तर खाईना, हात पुढे केला तर गुरगुरे, आजीने केर काढायला केरसुणी उचलली तर अंग चोरून जागीच मुते. चौथ्या दिवशी आजी म्हणाली, "हे भित्रं जनावर परत देऊन या. आणि मला सांगा, गावात आम्हाला कुत्र्याइतकी किंमत नव्हती. त्या आमच्याच घरात आता कुत्र्याचे लाड कशाला?"

उपासक-उपासिकांनो, आजींचा हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यात एका पिढीचे दुःख आहे. म्हणून त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे.

२० मार्च १९२७ रोजी महाड येथे बाबासाहेब आपल्या हजारो अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्या तळ्यावर गुरेढोरे, कुत्री-मांजरे पाणी पीत. बंदी होती ती फक्त अस्पृश्य माणसाला. अपमान कशात होता? कुत्रा पाणी पितो यात नव्हे, तर माणसाला पिऊ दिले जात नाही यात. मागणी माणसाच्या हक्काची होती. कुत्र्याचे पाणी तोडण्याची नव्हती. अन्याय करणारा माणूस होता, मुके जनावर नव्हते. फेब्रुवारी १९३४ मध्ये राजगृहात घेतलेले एक कौटुंबिक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात बाबासाहेब, माता रमाई, यशवंतराव या मंडळींबरोबर त्यांचा आवडता कुत्रा टॉबीही आहे. ज्यांनी तो अपमान सर्वांत जास्त ओळखला, त्यांच्या घरात कुत्र्याला जागा होती, हे विसरू नये.

आता दुसरी गोष्ट पाहा. बाजारात हजारो रुपये मोजून आणलेल्या कुत्र्याला आपण 'जातिवंत' म्हणतो आणि रस्त्यावरच्याला 'गावठी'. इंग्रजीत तर आपल्या देशी कुत्र्याला 'पॅरिया' असे नाव पडले आहे. हा शब्द तामिळनाडूतील 'परैयर' या अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाच्या नावावरून आला. म्हणजे माणसाची जात कुत्र्याच्या गळ्यात बांधली गेली! जन्मावरून किंमत ठरवणे आपण माणसांत नाकारले. मग तीच दृष्टी जनावरावर का वापरावी?

कुक्कुर जातकात याच प्रश्नाची कथा आहे. राजाच्या रथाचे कातडी सामान रात्री पावसात भिजले आणि कुत्र्यांनी खाल्ले. राजाने हुकूम सोडला की कुत्रे दिसेल तेथे मारा. फक्त वाड्यातील उत्तम कुळीच्या कुत्र्यांना अभय. स्मशानात राहणारा बोधिसत्त्व कुत्रा राजापुढे गेला. वाड्यातल्या कुत्र्यांना ताक आणि दर्भ पाजा, असे त्याने सांगितले, आणि ओकारीतून कातडे बाहेर पडले. गुन्हा वाड्यातल्यांचा आणि शिक्षा रस्त्यावरच्यांना! ही कथा आपल्या लोकांना समजावून सांगायला नको.

मात्र याचा अर्थ जनावराला देव मानणे असा नव्हे. मज्झिम निकायात सेनिय नावाच्या तपस्व्याची हकीकत आहे. त्याने कुत्र्यासारखे वागण्याचे व्रत घेतले होते. असल्या व्रताने मुक्ती मिळत नाही, असे भगवंतांनी त्याला स्पष्ट सांगितले. धम्म प्राण्याची पूजा सांगत नाही आणि तिरस्कारही सांगत नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी करुणा आणि मैत्री यांत भेद केला आहे: करुणा माणसांपुरती आहे, मैत्री सर्व जीवमात्रांपर्यंत पोहोचते.

आमच्या मते दोहोंत आणखी एक फरक रोजच्या व्यवहारात दिसतो. दया एका क्षणात येते; मैत्रीला वेळ द्यावा लागतो. आश्रयगृहातून कुत्रा आणणे ही दया झाली. तो खाटेखाली बसला असताना वाट पाहणे, ही मैत्री. पहिल्या तीन दिवसांत तो भांबावलेला असतो, तीन आठवड्यांत घराची रीत ओळखतो आणि तीन महिन्यांत घर आपले मानू लागतो, असा ढोबळ हिशेब अशी कामे करणारे लोक सांगतात. एखाद्याला याहून जास्त वेळ लागेल.

तेव्हा त्याला खाटेखालून ओढून काढू नका. त्याची एक जागा ठरवा आणि तेथे त्याला कोणीही, मुलांनीही, त्रास देऊ नये. ताटली व पाणी जवळ ठेवून दूर व्हा. डोळ्याला डोळा भिडवू नका; वरून डोक्यावर हात नेऊ नका; शेजारी खाली बसा आणि त्यालाच जवळ येऊ द्या. जेवणाची व फिरण्याची वेळ रोज एकच असावी. पहिल्या दिवसांत पाहुणे बोलावू नयेत. कांदा, लसूण, द्राक्षे, चॉकलेट त्याला विषासारखी आहेत. घरात चुकून घाण केली तर मारू नका; त्याला फक्त भीती कळते, कारण कळत नाही. लिफ्ट, प्रेशर कुकरची शिट्टी, दिवाळीचे फटाके या गोष्टींची सवय व्हायला वेळ लागतो. फटाक्यांच्या रात्री दारे-खिडक्या लावून त्याच्याजवळ बसा.

दुसरी बाजूही आहे. आपल्या वस्त्यांत कुत्रे चावल्याने लेकरे जखमी होतात. रात्रपाळी करून परतणाऱ्या कामगारांच्या मागे ती लागतात. हे दुःख खोटे नाही. म्हणून मैत्रीबरोबर जबाबदारी हवी. कानाचे कापलेले टोक ही निर्बीजीकरणाची खूण आहे. तरी रेबीजची लस पशुवैद्याच्या सल्ल्याने वेळच्या वेळी टोचून घ्या. बाहेर नेताना दोरी हातात असावी. लहान मूल आणि नवा कुत्रा यांना एकटे सोडू नका. कुत्रा चावलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. हळद, चुना, अंगारा यांचा उपयोग नाही. रेबीज एकदा झाला की तो जवळजवळ नेहमीच जीव घेतो.

राहिला परत देण्याचा प्रश्न. घरातल्यांना खरोखर धोका असेल, तर जाणत्याला विचारून परत देण्यात पाप नाही. पण केवळ तो भितो म्हणून, केवळ आपली हौस फिटली नाही म्हणून परत देणे, म्हणजे आसरा देऊन काढून घेणे होय. माणसाची जनावराशी तुलना आम्ही करीत नाही. पण एक गोष्ट आपल्याला अनुभवाने ठाऊक आहे: भीती जन्माने येत नाही, मारून मारून शिकवली जाते. १४ ऑक्टोबर १९५६ नंतरही कित्येक म्हाताऱ्या माणसांची मान गावच्या पाटलासमोर आपोआप खाली जाई. दीक्षा एका दिवसात झाली. पाठीचा कणा सावकाश ताठ झाला. हे ज्यांनी आपल्या घरात पाहिले, त्यांनी खाटेखालच्या जीवाला भित्रा म्हणण्याची घाई करू नये.

हे आम्ही आजींना सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. सातव्या रात्री सर्व निजल्यावर तो कुत्रा बाहेर येऊन भात खाऊन गेला. सकाळी रिकामी ताटली आजींनीच पाहिली. त्यांनी केरसुणी खाटेजवळून उचलली आणि दाराआड नेऊन ठेवली. तेव्हापासून तिची जागा तीच आहे.