नाव, नमुना आणि साक्ष : घोड नदीतील एका माशाच्या निमित्ताने

नाव बदलणे ही ज्ञानव्यवहारातील कृती आहे की नीतिव्यवहारातील, हा प्रश्न साहित्यसमीक्षेला परका नाही. कालखंडांची, संप्रदायांची, प्रवाहांची नावे आपण सतत ठेवतो आणि मोडतो. तसे करताना आपण कोणाचे काय देणे लागतो, याचा हिशेब मात्र सहसा मांडला जात नाही. प्राणिशास्त्रात वर्गीकरणाचा पुनर्विचार नित्य चालतो आणि तेथे हा हिशेब, निदान अंशतः, नियमांनी बांधलेला असतो. तो कसा बांधला आहे आणि कोठे सुटलेला आहे, हे पाहण्यासाठी समीक्षेच्या परिघाबाहेरचे, पण मराठी भाषेच्या परिघातलेच एक उदाहरण येथे घेतले आहे.

विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याची 1824 मध्ये मुंबई सरकारचा सांख्यिकी प्रतिवेदक म्हणून नेमणूक झाली. नेमणूक करणारे गव्हर्नर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन होते. साइक्सने दख्खन पालथे घातले. पीक, लोकसंख्या, पाऊस यांच्या नोंदींबरोबर सस्तन प्राणी, पक्षी आणि मासे यांच्याही याद्या केल्या. 1831 च्या सस्तन प्राण्यांच्या यादीत त्याने सह्याद्रीतल्या शेकरूला ‘स्क्युरस एल्फिन्स्टोनी’ हे नाव दिले. भीमाशंकरच्या रानात ज्या प्राण्याला चांगले ठसठशीत मराठी नाव होते, त्याला आश्रयदात्याचे नाव मिळाले. माशांच्या बाबतीत याच माणसाने बव्हंशी वेगळा मार्ग धरला. 1839 मध्ये लंडनच्या प्राणिविज्ञान संस्थेच्या कामकाजात गोषवारा रूपाने आणि 1841 मध्ये विस्ताराने प्रसिद्ध झालेल्या त्याच्या दख्खनच्या माशांवरील निबंधात खुद्री, कोलस, मल्या, घोगरा, शिंगटी, नुकटा, फुलंगी अशी नावे लॅटिन वंशनामांच्या पाठीमागे उभी केलेली दिसतात. काही मासे मित्रांच्या वाट्याला गेलेच. तरीही एखाद्या भोयाने वा कोळ्याने उच्चारलेला शब्द जगभरच्या प्राणिशास्त्राच्या कायम दप्तरी जावा, असे या निबंधात वारंवार घडले आहे.

याला मराठीचा सन्मान म्हणण्याची घाई करू नये. माशांच्या अनेक जातींना एकाच वेळी नावे द्यायची असताना जवळ आलेला शब्द उचलणे सोयीचे असते. बंगालमध्ये फ्रान्सिस हॅमिल्टनने 1822 मध्ये गंगेच्या माशांसाठी हेच केले होते. मात्र सोय म्हणून केलेल्या कृतीलाही नैतिक परिणाम असतात. त्यांपैकी एक परिणाम ‘मुसुल्ला’ या नावाच्या इतिहासात दिसतो.

‘बार्बस मुसुल्ला’ हा मासा साइक्सने वर्णिला तो शिरूरजवळच्या घोड नदीतून. घोड आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगरांत उगम पावते. जुन्नरच्या कुकडी आणि मीना या नद्या तिलाच मिळतात. साइक्सने पाहिलेला नमुना जतन झालेला ज्ञात नाही. उरले वर्णन, नाव आणि नदी. पुढे विसाव्या शतकात, विशेषतः 1940 च्या दशकात सुंदरलाल होरा यांच्या लेखनामुळे, मुसुल्ला हा महसीर मानला गेला आणि ‘टॉर मुसुल्ला’ या नावाने दक्षिणेकडील, मुख्यतः कावेरीतील, पाठीला उंचवटा असलेल्या प्रचंड महसीराशी जोडला गेला. घोड नदीचा शब्द अशा रीतीने कावेरीच्या माशाच्या अंगावर चढला. काही अभ्यासकांनी यावर शंका घेतली होती. 2013 मध्ये नाइट, राय आणि डिसूझा यांच्या शोधनिबंधाने साइक्सचे वर्णन महसीराला लागू पडत नाही, मुसुल्ला हा ‘हिप्सेलोबार्बस’ या निराळ्या वंशातला मासा आहे, हे दाखवले. नाव परत घोड-भीमेकडे आले.

परंतु त्याच क्षणी कावेरीतला मासा निनावी झाला. गळ टाकून शिकार करणाऱ्या हौशी इंग्रजांच्या लेखनात एकोणिसाव्या शतकापासून गाजलेल्या या माशाला शास्त्रमान्य नावच नव्हते. आणि ज्याला नाव नाही त्याचे मूल्यमापन आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत होऊ शकत नाही. इकडे लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात वाढवलेली खुद्री महसीराची पिल्ले कावेरीत सोडली गेली होती आणि तेथील मूळचा महसीर झपाट्याने कमी होत होता. ‘महसीर’ या एका मोघम शब्दाखाली दोन्ही खपत असल्याने संवर्धनाचे समाधान मिळत राहिले. अखेर 2018 मध्ये हा मासा म्हणजे केरळातील पांबार या कावेरीच्या उपनदीतून आधीच वर्णिलेला ‘टॉर रेमादेवी’ होय, हे सिद्ध झाले. त्यानंतरच त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून होऊ शकली. नाव चुकीच्या ठिकाणी बसले की हानी केवळ शब्दकोशात होत नाही.

आता प्रश्न असा की, नाव ‘परत आले’ म्हणजे नेमके काय झाले? शब्द कशाचा वाचक, हा आपल्या परंपरेतील जुना वाद आहे. व्याडीच्या मते शब्दाने द्रव्य सांगितले जाते, वाजप्यायनाच्या मते आकृती. पतंजलीने महाभाष्यात दोन्ही बाजू तोलल्या आहेत आणि न्यायसूत्रकारांनी व्यक्ती, आकृती व जाती या तिन्हींना पदार्थत्व दिले आहे. आंतरराष्ट्रीय प्राणि-नामकरण संहिता या वादात, नकळत का होईना, व्याडीच्या बाजूला झुकते. तिच्या दृष्टीने जातीचे नाव लक्षणसमुच्चयाला चिकटलेले नसून एका नमुन्याला, एका विशिष्ट मृत देहाला बांधलेले असते. त्या देहाभोवती जातीची सीमा अभ्यासकांनी आपापल्या मताने विस्तारावी वा आखडावी, ते स्वातंत्र्य संहिता अबाधित ठेवते. सॉल क्रिप्कीने 1970 च्या व्याख्यानांत विशेषनामांविषयी मांडलेली उपपत्ती येथे आठवते : बारशाचा एक क्षण आणि तेथून वापरणाऱ्यांच्या साखळीने आपल्यापर्यंत आलेले नाव. मुसुल्लाची साखळी होरांपाशी दुसऱ्याच माशावर सरकली होती. 2013 च्या अभ्यासाने ती उलट्या दिशेने चाचपत नदीकाठापर्यंत नेली.

सोस्यूरच्या चिन्हविचारावर वाढलेल्या आपल्या समीक्षेला ही भूमिका भाबडी वाटण्याचा संभव आहे. चिन्हाचे मूल्य व्यवस्थेतील भेदांतून ठरते, उगमातून नाही, असे आपण शिकवत आलो. पण व्यवस्था कधी बिघडली, हे व्यवस्थेच्या आतून कळत नाही. ‘टॉर मुसुल्ला’ हे नाव व्यवस्थेत उत्तम नांदत होते. इतर महसीरांहून त्याचा भेदही स्पष्ट होता. ते चुकीचे होते हे कळण्यासाठी शिरूरपर्यंत जावे लागले.

संहितेचा आणखी एक नियम मराठी वाचकाला खटकणारा आहे. मूळ लेखकाने केलेले लेखन, लिप्यंतर सदोष असले तरी, दुरुस्त करायचे नाही. रोमन लिपीत ल आणि ळ यांतला भेद उरत नाही आणि ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ ठरलेला. त्यामुळे साइक्सच्या कानाने पकडलेला शब्द जसाच्या तसा गोठला आहे. तो शुद्ध मराठी करून घ्यावा, असा भाषाभिमानी आग्रह कोणी धरू शकेल. प्रस्तुत लेखकाला तो आग्रह अनाठायी वाटतो. गोठलेले अशुद्ध लेखन हेच येथे पुरावा आहे. एका परक्या कानाने एका नदीकाठी काय ऐकले याचा. ते सुधारले की शब्द आपला होईल, पण साक्ष नाहीशी होईल.

साक्ष हा शब्द येथे जाणीवपूर्वक वापरला आहे. वर्गीकरणाच्या पुनर्विचारातील सर्वांत नैतिक गोष्ट नवे नाव ही नसून टाकून दिलेल्या नावांची यादी ही आहे. कोणतीही जबाबदार पुनर्मांडणी प्रत्येक जातीखाली तिची सारी पर्यायनामे देते : कोणी, कोणत्या वर्षी, कोठे हे नाव वापरले आणि ते आता का मानायचे नाही. रद्द झालेले नाव पुसले जात नाही. ते जागे करता येईल अशा स्थितीत निजवलेले असते. साइक्सची ‘शिंगटी’ हेच सांगते. टोकदार काट्यांना शिंगांची उपमा देणारा हा शब्द दीर्घकाळ हॅमिल्टनच्या 1822 च्या ‘कॅव्हासियस’ या नावाखाली दडपलेला होता. दोन्ही मासे एकच मानले गेले, आणि अग्रक्रमाच्या तत्त्वानुसार आधीचे नाव टिकले. पुढे दख्खनचा मासा वेगळा असल्याचे दिसून येताच ‘मिस्टस सींग्टी’ हे नाव पुन्हा उभे राहिले. ते नव्याने घडवावे लागले नाही, कारण ज्यांनी ते नाकारले त्यांनीच ते नोंदवूनही ठेवले होते.

याच्या शेजारी आपल्या ग्रंथपरंपरेतील एक थोर संपादन ठेवून पाहावे. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे इसवी सन 1584 मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढे कोणी तीत आपली ओवी घालू नये असा दंडक घातला. त्या कार्याचे ऋण मोठे आहे. परंतु त्यांनी अपपाठ म्हणून जे काढले त्याची यादी आपल्यापाशी नाही. राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून जी प्रत 1909 मध्ये प्रसिद्ध केली, तिच्याभोवतीचा वाद मुळात या रिकाम्या जागेतून निर्माण झाला. सोळाव्या शतकातील संताकडून विसाव्या शतकातील पाठचिकित्सेची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. पण आपल्याला ही सबब नाही. संत, पंत, तंत ही त्रयी आपण वापरली आणि मग नापसंत केली. ‘ग्रामीण’, ‘जनवादी’, ‘देशी’ या संज्ञांच्या सीमा दर दशकात सरकवल्या. अमुक संज्ञा प्रथम कोणत्या कृतीला उद्देशून वापरली गेली आणि ती कृती आज त्या संज्ञेत बसते का, हा साधा प्रश्नही आपल्या वाङ्मयेतिहासात क्वचित विचारला जातो. आपल्या संज्ञांना नमुना नाही, म्हणून त्यांच्यावर चूक सिद्ध करता येत नाही. आणि ज्यावर चूक सिद्ध करता येत नाही ते नाव कोणालाही कोठेही बसवता येते.

येथवरचे विवेचन संहितेची तरफदारी वाटू शकेल. तिची मर्यादा गंभीर आहे. पर्यायनामांच्या यादीत फक्त छापलेली नावे जातात. नाव सांगणारा भोई त्या साखळीचा पहिला दुवा, पण ती सुरू होते साइक्सपासून. मोल्सवर्थचा कोश साइक्सच्या सस्तन प्राण्यांच्या यादीच्याच वर्षी, 1831 मध्ये, निघाला. अशा शब्दांचा अर्थ कोश ‘एक प्रकारचा मासा’ एवढाच देऊन मोकळा होतो. कोशात शब्द आहे आणि वस्तू नाही; साइक्सपाशी दोन्ही आहेत आणि वक्ता नाही. नाव देणाऱ्याने कमीत कमी काय करावे याचे उत्तर यातून निघते : आपण कोणाकडून, कोठे, कशाविषयी ऐकले हे इतके नेमके लिहावे की आपली चूक दुसऱ्याला सापडावी. साइक्सने यातील दोन गोष्टी केल्या, तिसरी केली नाही. केलेल्या दोहोंमुळे 2013 चा न्याय शक्य झाला, हेही खरे.

नावे नैतिक कारणासाठी बदलावीत का, हा अलीकडचा वाद याहून वेगळा आहे, तरी तो टाळता येत नाही. वनस्पतिशास्त्रज्ञांनी 2024 मध्ये माद्रिदच्या परिषदेत आफ्रिकी लोकांविषयीच्या अपशब्दावरून आलेली नावे बदलण्याचा निर्णय मतदानाने घेतला. प्राणि-नामकरण आयोगाच्या सदस्यांनी 2023 मध्ये अशा बदलांना विरोध नोंदवला होता. मला वनस्पतिशास्त्रज्ञांचा निर्णय योग्य वाटतो, कारण शिवी ही साक्ष नव्हे. एल्फिन्स्टनच्या नावाबाबत मात्र तशी निकड जाणवत नाही. ते नाव आज शेकरूच्या, म्हणजे ‘रॅटुफा इंडिका’च्या, एका उपजातीपुरते उरले आहे. शेकरूला शेकरू म्हणण्यापासून कोणी अडवलेले नाही, आणि 1831 मध्ये सत्ता कोठे होती हे त्या नावातून नीट वाचता येते.

मराठीत या साऱ्या चर्चेवर एका शब्दाची सावली पडते. प्राणिशास्त्राची ‘जाती’, न्यायशास्त्राची ‘जाती’ आणि दाखल्यावरची ‘जात’. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी ही अनुसूचित जमात राहते. ‘कोळी’ हा शब्द इतर समाजांच्याही नावात आहे. नामसादृश्यामुळे उद्भवलेल्या अशाच एका दाव्यातून सर्वोच्च न्यायालयाचा 1994 चा निवाडा आला आणि दाखल्यांच्या पडताळणीची पद्धत ठरली. चालीरीती, बोली, दैवते जमातीशी जुळतात का हे पाहणारी कसोटी तेव्हापासून अर्जदाराला लावली गेली. 2023 मध्ये न्यायालयानेच स्पष्ट केले की ही कसोटी निर्णायक नाही, जुन्या कागदपत्रांचे पुरावामूल्य अधिक. आकृती की परंपरा, हा वाद येथे शिष्यवृत्ती आणि नोकरी यांच्या रूपाने उभा राहतो. साम्य याहून पुढे ताणू नये; मासा आपल्या वर्गीकरणाविरुद्ध अपील करीत नाही. परंतु ज्याच्या पूर्वजाचे नाव कोणी लिहूनच ठेवले नाही, त्याच्याकडे जुना कागद मागणे म्हणजे काय, हे साइक्सच्या निबंधातील निनावी भोयाकडे पाहून अधिक कळते.

जिथे लोकनामच नाही तिथे काय? याच ओढ्यांत दगडांखाली वाळूचे कण आणि काटक्या रेशमासारख्या धाग्याने जोडून घरटी करणाऱ्या ‘ट्रायकोप्टेरा’ गणातील कीटकांच्या अळ्या असतात. उष्ण कटिबंधातील त्यांच्या जातींची नावे आणि वंश आजही वारंवार नव्याने मांडले जातात. मराठीत या गणाला रूढ नाव नाही. खाण्याला उपयोगी नाही, पिकाला बाधक नाही, म्हणून भाषेने तिकडे पाहिले नाही. तेथे वर्गीकरणकाराला कोणाचेही ऋण नाही, आणि म्हणून नमुना व स्थळ यांच्या नोंदीखेरीज त्याला आवरणारेही काही नाही.

आंबेगाव हे तालुक्याचे नाव ज्या गावावरून आले ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो आणि नाव तेच राहिले. जलाशयावर विस्थापित महादेव कोळी आणि कातकरी यांची मासेमारी सहकारी पद्धतीने उभी राहिली. तिला हात देणाऱ्या ‘शाश्वत’ संस्थेला 2012 मध्ये इक्वेटर पुरस्कारही मिळाला. ही मासेमारी मुख्यत्वे सोडलेल्या बीजावर चालते, आणि ते बीज रोहू, कटला, मृगळ यांचे असते. रोहिता, कॅटला, मृगला ही तिन्ही नावे हॅमिल्टनने 1822 मध्ये गंगेच्या काठी ऐकून लिहिली होती. घोडेच्या पाण्यावर आज जे शब्द उच्चारून माशांचा भाव ठरतो, त्यांत ते तीन आहेत.