शब्द मोडला म्हणजे

जांबोटीहून चोर्ल्याच्या वाटेने निघाले म्हणजे कणकुंबी लागते. तेथे मलप्रभेचा उगम आहे. ते इवलेसे पाणी पुढे सौंदत्तीजवळच्या धरणात अडून कालव्यांनी नवलगुंद-नरगुंदच्या काळ्या रानात उतरते, हे पाहणाऱ्यास खरे वाटत नाही. त्याच नरगुंदाने राज्यकर्त्यांविरुद्ध दोन वेळा शस्त्र उचलले.

पहिल्या वेळी तेथील संस्थानिक बाबासाहेब भावे यांनी. त्यांना पुत्र नव्हता. दत्तक घेण्याची अनुमती कंपनी सरकारने नाकारली. २९ मे १८५८ रोजी त्यांनी पोलिटिकल एजंट मॅन्सन यास ठार केले आणि १२ जून रोजी बेळगावास त्यांना फाशी झाली. १८६२ मध्ये लॉर्ड कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. म्हणजे मागणी न्याय्य ठरली, पण मागणारा फासावर गेल्यावर!

दुसरे बंड स्वराज्यातले. धरणाचे पाणी शेतात नीट पोहोचण्यापूर्वीच सुधारणा-आकाराचे मागणे दारी आले. २१ जुलै १९८० रोजी जमाव उसळला; गोळीबारात शेतकरी पडले, जमावाच्या हातून पोलीसही मेले. मग सवलती जाहीर झाल्या. १९८३ च्या निवडणुकीत गुंडुराव यांचे सरकार गेले. हे शेतकरी कानडी बोलणारे होते. सीमेच्या वादात गुंतलेले आपण मराठी लोक त्यांची आठवण क्वचितच काढतो. आपल्या निपाणीस पुढच्याच वर्षी, एप्रिल १९८१ मध्ये, तंबाखू पिकविणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या, ती जखम मात्र आपल्या ध्यानात आहे.

लोक दारिद्र्याने बंड करतात, असे सामान्यतः समजले जाते. मला ते पटत नाही. दारिद्र्य तर या डोंगराळ मुलखाने पिढ्यान्‌पिढ्या मुकाट्याने सोसले आहे. महाभारताच्या अनुशासनपर्वात एक भयंकर वचन आहे. ‘मी तुमचा रक्षक’ असे प्रजेला सांगून जो राजा रक्षण करीत नाही, त्याला प्रजेने एकत्र होऊन पिसाळलेल्या कुत्र्याप्रमाणे मारावे, असा त्याचा आशय. वकिलाच्या नजरेला त्यातील पहिला भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. दोष केवळ रक्षण न करण्याचा नव्हे. सांगून न करण्याचा आहे. नरगुंदास दोन्ही वेळा हेच घडले. तहाने ज्याला राजा मानले त्याचा वंश चालू दिला नाही आणि ज्याला पाणी देऊ म्हटले त्याच्याकडे आधी पैसा मागितला.

तरीही ते वचन मला जसेच्या तसे स्वीकारवत नाही. बंडात मरतो तो बहुधा शब्द मोडणारा नसतो. नरगुंदास मेलेल्या पोलिसांनी आकार बसविला नव्हता. पण राज्यकर्त्यांचे अधिक मोठे पाप असे की, अर्जाला जे दिले नाही ते रक्त सांडल्यावर दिले. अशाने प्रजा काय शिकेल, याचा विचार सवलत जाहीर करणाऱ्याने केला होता काय?

मग आज आपल्याकडे उठाव संभवतो काय? मला तसे दिसत नाही. आणि यात समाधान मानावे असेही वाटत नाही. देवस्थानच्या विश्वस्तांवरचा विश्वास उडाला म्हणजे भक्त काही पहिल्याच दिवशी कार्यालयावर चालून जात नाहीत. आधी पेटीत पैसा पडेनासा होतो, मग सभेस माणसे येईनाशी होतात. हिशोब वाचणारा वाचतो आणि ऐकणारा कोणी नसतो. कारभाऱ्यांना वाटते, सारे कसे शांत आहे! १९५६ पासून सीमाभागातील माणसाने मोर्चे काढले, मते दिली, महाजन आयोगापुढे गाऱ्हाणे मांडले; २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. पुढे वीस वर्षे लोटली तरी निकाल नव्हता. या चिकाटीला राज्यकर्ते निष्ठा म्हणतात. ती निष्ठा आहे की सवय, हे त्यांनी तपासून पाहिलेले नाही.

काही वर्षांपूर्वी जांबोटीकडचा एक वृद्ध शेतकरी जमिनीच्या भरपाईचा दावा घेऊन माझ्याकडे आला होता. मी त्याला कायदा समजावून सांगितला. दावा भक्कम आहे, असेही म्हणालो. त्याने कागद परत पिशवीत घातले आणि विचारले, “निकाल आपल्यासारखा लागंल वो, वकीलसाहेब. पण लागल्यावर ते लोक मानतील काय?”

त्याने दावा लावला नाही.