अमरत्वाची किंमत कोण मोजतो?

मृत्यू टाळता आला असता तर तो टाळावा काय, या प्रश्नावर विचार करू पाहणाऱ्या वाचकास एकच अद्भुत कादंबरी (म्हणजे जादू, ड्रॅगन आणि कल्पित भूगोल यांवर उभे असलेले कथानक) सुचवायची झाल्यास, अमेरिकन लेखिका उर्सुला के. ले ग्विन यांच्या अर्थसी मालिकेतील तिसरी कादंबरी, १९७२ साली प्रसिद्ध झालेली ‘द फार्देस्ट शोअर’, सुचवावी. मुलांसाठी म्हणून ती छापली गेली, हा ग्रंथव्यवहाराचा भाग झाला.

अर्थसी हा असंख्य बेटांचा समूह असून तेथील जादू वस्तूंच्या खऱ्या नावांच्या ज्ञानावर चालते. कॉब नावाचा मांत्रिक मरण चुकवण्यासाठी जीवन आणि मृत्यू यांच्यामधील दार उघडतो आणि त्या भगदाडातून जगाचे सत्त्व ओसरू लागते. महामांत्रिक गेड आणि राजपुत्र आरेन कारणाच्या शोधात होडीने निघतात, तेव्हा त्यांना युद्ध किंवा प्रलय आढळत नाही. रेशमासाठी नावाजलेल्या लॉर्बॅनरी बेटावर रंगाऱ्यांची विद्या नाहीशी झालेली असते, माल निकृष्ट निघत असतो, शेजारी एकमेकांवर खेकसत असतात, आणि अशी काही विद्या कधी होती हेच लोक नाकारतात. अनिष्टाचे इतके बिनआवाजी चित्रण या वाङ्मयप्रकारात दुर्मीळ आहे.

ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७३ मध्ये असा युक्तिवाद मांडला की, अनंत आयुष्य जगणाऱ्यास अखेर असह्य कंटाळाच येईल. या युक्तिवादात तोटा होतो तो अमर होणाऱ्याचा. ले ग्विन यांचा आक्षेप अधिक मूलगामी वाटतो, कारण त्यांच्या कथेत एकाच्या अमरत्वाची किंमत मोजतात ती दूरच्या बेटांवरील माणसे, ज्यांनी कॉबचे नावही ऐकलेले नसते. यामागे ताओ मताची, म्हणजे परस्परविरोधी भासणारी तत्त्वे एकमेकांवरच टिकून असतात या प्राचीन चिनी विचाराची, बैठक आहे. ‘ताओ ते चिंग’चे आपले इंग्रजी रूपांतरही त्यांनी १९९७ साली प्रसिद्ध केले. कठोपनिषदातील नचिकेता दीर्घायुष्याचे प्रलोभन नाकारतो, पण त्याला बदल्यात अविनाशी आत्म्याचे ज्ञान मिळते. गेडच्या पदरात असे काही पडत नाही, उलट ते दार बंद करताना त्याची सारी शक्ती खर्ची पडते.

तरीही एक अडचण उरते. या कादंबरीतील मृतांचा प्रदेश कोरडा आणि धुळीचा आहे, तेथील तारे हलत नाहीत, आणि एकमेकांसाठी मेलेले प्रेमीही तेथे ओळख न देता निघून जातात. मृत्यू जर जीवनाचाच अर्धा भाग असेल, तर तो इतका उजाड का? हा प्रश्न लेखिकेलाही सुटला नसावा, कारण याच मालिकेतील २००१ च्या ‘दि अदर विंड’ या कादंबरीत असे उघड होते की तो प्रदेश निसर्गाचा नव्हेच, तर प्राचीन मांत्रिकांनी अमरत्वाच्या हव्यासापोटी ड्रॅगनांच्या भूमीतून बळकावलेला तुकडा आहे, आणि अर्थसीतीलच ज्या कार्ग लोकांना ही नावांची विद्या ठाऊक नाही आणि जे पुनर्जन्म मानतात, त्यांचे मृत तेथे जातच नाहीत. म्हणजे विद्वानांनी स्वतःसाठी बांधलेला तुरुंग अडाणी समजल्या गेलेल्यांच्या वाट्याला आलाच नव्हता. म्हणून ही शिफारस खरे तर दोन पुस्तकांची आहे, आणि ती प्रकाशनाच्या क्रमानेच वाचावीत. दुसरे आधी वाचल्यास पहिल्यातील भयाला धार उरणार नाही.