एकोणिसावा आलेला धावपटू

मननासाठी शास्त्रपाठ : करिंथकरांस पहिले पत्र ९:२४-२७, इब्री लोकांस पत्र १२:१-२



पावसाळा सरला आणि सोयाबीन घरात आले, म्हणजे आपल्या वाशीम जिल्ह्यातील गावोगावच्या डांबरी सडकांवर भल्या पहाटे तरुण मुले धावू लागतात. कोणी पोलीस भरतीच्या १६०० मीटरांची तयारी करितो, कोणी सैन्यभरतीची. आणि अलीकडे कोणी निव्वळ हौसेने दहा अथवा एकवीस किलोमीटरांच्या शर्यतीसाठीही धावतो. ओट्यावर बसलेली वडील मंडळी विचारितात, इतके धावून ह्यांच्या पदरात काय पडावयाचे? उपदेशकांनी हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. प्रेषित पौलाने तो फार गंभीरपणे घेतला होता.

पौल करिंथ शहरी दीड वर्ष राहिला व तंबू शिवून पोट भरीत असे. त्या शहराजवळच दर दोन वर्षांनी इस्थमियाचे खेळ भरत, आणि जिंकणाऱ्यास देवदाराच्या डहाळीचा किंवा रानटी अजमोद्याच्या पाल्याचा मुगुट मिळे. चार दिवसांत वाळून जाणारा पाला तो! तरी त्यासाठी माणसे महिनेच्या महिने जिभेवर ताबा ठेवीत, झोपेची वेळ पाळीत व देह कष्टवीत. पौलाने धावणाऱ्यांची थट्टा केली नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. त्याने त्यांचा संयम पाहिला आणि आपल्या मंडळीला विचारिले की, वाळणाऱ्या मुगुटासाठी हे एवढे करितात, तर न वाळणाऱ्यासाठी तुम्ही काय करिता?

आता आपल्याच भाषेच्या मुलखातील एका धावणाऱ्याची हकीकत सांगतो. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१९ साली खेळांचे सामने भरविले, त्या वेळी सर दोराबजी टाटा तेथे अध्यक्ष होते. धावणाऱ्यांत बहुतेक शेतकऱ्यांची पोरे, अनवाणी, साध्या भाकरीवर वाढलेली. युरोपातील नियम त्यांस ठाऊक नव्हते व शिक्षण तर नव्हतेच. तरी त्यांतील काहींची धाव युरोपातील धावपटूंच्या जवळपास जाते असे टाटांस दिसले, आणि त्यांनी पुढच्या वर्षी बेल्जममधील अँटवर्प येथील ऑलिंपिक खेळांस संघ पाठविण्याचा उद्योग आरंभिला. आपल्याकडे ह्या गोष्टींचे ज्ञान किती थोडे होते, ह्याविषयी एक आठवण सांगतात. शंभर मीटर धावण्यास किती वेळ लागावा असे विचारिता एका जबाबदार गृहस्थाने एक ते दोन मिनिटे असे उत्तर दिले, आणि हिशेब सेकंदांत करावयाचा असतो हे ऐकून ते थक्क झाले!

त्या संघात बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. दहा हजार मीटरांच्या शर्यतीत त्यांस यश आले नाही. परंतु २२ ऑगस्ट १९२० रोजी ते मॅरेथॉनला उभे राहिले. आज ही शर्यत ४२.१९५ किलोमीटरांची असते, म्हणजे वाशीमहून मालेगावास पायी जाऊन परत यावे साधारण तेवढी. अँटवर्पचा मार्ग तर त्याहूनही लांब, ४२.७५ किलोमीटरांचा होता. फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन २ तास ३२ मिनिटांवर काही सेकंद घेऊन पहिला आला. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पोहोचले. त्यांचा क्रमांक एकोणिसावा.

एकोणिसाव्यास मुगुट नाही, पदक नाही, आणि पुष्कळदा नावही नाही. मला मात्र पहिल्यापेक्षा ह्या एकोणिसाव्याकडेच अधिक पाहावेसे वाटते. अठरा जण पुढे गेलेले आहेत, जिंकण्याची आशा केव्हाच मावळली आहे, मुलूख परका, भाषा परकी, आणि तरी पाय थांबत नाहीत. कित्येक उपदेशक बंधू असे आहेत की ज्यांच्या गावात पंधरा वर्षांपूर्वी तीन घरे होती व आजही तीनच आहेत. संमेलनात दुसरे आकडे सांगतात, तेव्हा हे खाली पाहतात. बंधूंनो, इस्थमियाच्या मैदानात मुगुट एकालाच मिळे हे पौलाने स्वतःच लिहून ठेविले आहे. परंतु इब्रीकरांस लिहिलेल्या पत्रात पहिला येण्याची आज्ञा शोधूनही सापडावयाची नाही. तेथे आहे तो धीर, आणि दृष्टी कोठे ठेवावी ते.

धीर म्हणजे काय, हे ह्या पहाटेच्या मुलांकडून शिकावे. नवा मुलगा पहिल्या दिवशी जीव तोडून धावतो आणि आठवड्याने अंथरुणातून उठत नाही. जाणता धावपटू बहुतेक दिवस इतका सावकाश धावतो की धावता धावता सोबत्याशी बोलता यावे. आठवड्यातून एकदाच लांबचा पल्ला घेतो. विसाव्याचा दिवस न चुकता पाळितो. आणि शर्यत दोन-तीन आठवड्यांवर आली म्हणजे धावणे उलट कमी करितो. ह्याचे कारण शरीरात आहे. स्नायूंत व यकृतात साठविलेली साखर साधारण तीसेक किलोमीटरांनंतर संपत येते व पाय लाकडाचे होतात. तेव्हा अंगात काय उरले आहे ते त्या दिवसाच्या उत्साहाने ठरत नाही, गेल्या चार महिन्यांच्या साध्यासुध्या पहाटांनी ठरते. आपली प्रार्थनाही बहुधा अशीच असते. सभेच्या आठवड्यात रात्र रात्र जागणारी आणि पुढे पोळ्यापर्यंत बायबल न उघडणारी घरे मी पाहिली आहेत. रोज सकाळी दहा वचने वाचणारी म्हातारी त्यांच्या पुष्कळ पुढे निघून जाते, आणि तिला ते कळतही नाही.

मग ओझ्याची गोष्ट. धावणारा अंगावर नको तेवढा कपडासुद्धा ठेवीत नाही. आमच्या वऱ्हाडात तर धावू लागलेल्या मुलास प्रथम खर्रा सोडावा लागतो, कारण तोंडात तो आणि छातीत दम ही दोन्ही एकत्र नांदत नाहीत. जे बापाच्या रागाने व उपदेशकाच्या बोलण्याने सुटले नाही, ते धावण्याने सुटले, ही आपण विचार करण्याजोगी गोष्ट होय. परंतु पापाखेरीज ओझेही असते, असे पत्रकर्ता म्हणतो. ते कोणते? बांधाच्या भांडणाचे ओझे असते. लग्नात ऐपतीबाहेर काढिलेल्या कर्जाचे असते. आणि स्पष्ट लिहितो, प्रभुभोजनाच्या पंक्तीत शेजारी कोण बसला आहे हे पाहून जागा बदलणाऱ्याच्या पाठीवर जे जुन्या जातीचे गाठोडे आहे, ते घेऊन कोणी शंभर पावलेही धावू शकणार नाही.

वडिलांची एक तक्रार मात्र वाजवी आहे. हौसेच्या शर्यती बहुतेक रविवारी असतात; २००४ सालापासून चालत आलेली मुंबईची मोठी शर्यतही जानेवारीतील रविवारीच भरते. येथे स्कॉटलंडच्या एरिक लिडेल यांचे उदाहरण नेहमी दिले जाते, व ते योग्यच आहे. १९२४ साली पॅरिस येथे शंभर मीटरांची प्राथमिक धाव रविवारी होती म्हणून त्यांनी ती सोडिली, चारशे मीटरांत उतरले आणि ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक मिळविले. पुढच्या वर्षी ते चीनमध्ये मिशनकार्यास गेले व १९४५ साली तेथेच जपानी बंदिछावणीत मरण पावले. परंतु एक भेद ध्यानात असावा. लिडेल यांनी स्वतःचा हक्क सोडिला. दुसऱ्याचा हिसकावला नाही. भरतीची तारीख मुलगा ठरवीत नाही, आणि त्या एका चाचणीवर घरातील पाच तोंडांची भाकर असते. अशा मुलास उपासनेला आला नाही म्हणून चारचौघांत बोल लावणे मला बरे वाटत नाही. हौसेने धावणाऱ्यास जरूर विचारावे. आणि दोघांसाठीही शनिवारी सायंकाळी उपासना ठेवण्याइतकी सवड आपणापाशी असावी.

कशासाठी धावतोस, हाच खरा प्रश्न. मूळच्या आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील लता भगवान करे ह्या साठी ओलांडलेल्या बाईंनी २०१३ साली बारामती येथील शर्यतीत नऊवारी लुगडे नेसून, अनवाणी, तीन किलोमीटर धावून आपल्या गटात पहिला क्रमांक मिळविला. त्यांस पदकाची हौस नव्हती. नवऱ्याच्या दुखण्याच्या तपासणीस पैसे नव्हते, म्हणून त्या धावल्या. ख्रिस्तापुढेही आनंद ठेविलेला होता व त्यासाठी त्याने वधस्तंभ सोशिला, असे पत्रकर्ता लिहितो. तो आनंद म्हणजे आपणच, असा अर्थ कित्येक करितात, आणि मी त्यांच्यापैकी एक आहे.

भरतीचा निकाल लागतो त्या दिवशी काही घरांत पेढे वाटले जातात. तेथे उपदेशकास बोलावणे येतेच. ज्याची धाव चार सेकंदांनी हुकली त्याच्या घरून बोलावणे येत नाही. तेथे त्याच संध्याकाळी जावे. भरतीचे नाव आपण होऊन काढू नये. त्याची आई चहा ठेवील तो घ्यावा, पिकापाण्याची विचारपूस करावी, आणि उठताना प्रार्थना कराल तेव्हा त्याचे नाव घरच्या सर्वांबरोबर घ्यावे, निराळे नव्हे.