पाळणा कोण हलवतं?

नांदेडात आमच्या शेजारच्या घरी अडीच वर्षांपूर्वी भिंतीवर एक तक्ता लागला. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर पेनाने आखलेले तीन रकाने. वर नावं नव्हती, कारण बारसं व्हायचं होतं. लाल, पिवळा, काळा एवढंच लिहिलेलं. तिळ्यांच्या पायांत त्या त्या रंगाचा दोरा बांधला होता. तक्ता लागायचं कारण साधंच होतं. एका पहाटे आजीने झोपेच्या गुंगीत लालला दोनदा पाजलं आणि काळा रडून रडून थकून झोपला. सकाळी घरात सगळ्यांचे चेहरे उतरले होते. मग कोणी किती वाजता पाजलं, किती दूध प्यायलं, लंगोट बदलला का, हे सारं लिहायचं ठरलं.

पहिल्यांदा तो तक्ता पाहिला तेव्हा मी हिशेब केला. दर तीन तासांनी पाजायचं म्हणजे एका बाळाला दिवसातून आठ वेळा. तिघांचे चोवीस. वेळेआधी जन्मलेलं बाळ दमून दमून दूध ओढतं, एकाला अर्धा तास सहज लागतो. म्हणजे बारा तास नुसते पाजण्यात गेले. न्हाऊ-माखू, दुपटी, ढेकर, औषधाचे थेंब अजून हिशेबात आलेच नाहीत. बाळांना उघड्या छातीशी धरून ऊब द्यायची असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ही रीत कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली, कारण तिथल्या रुग्णालयात काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या. शेजारच्या घरात पेटीची नव्हे, छातीची टंचाई होती. छाती एक, बाळं तीन. मग बाप सदऱ्याची बटणं सोडून एकाला घेऊन बसायचा आणि आजी पदराखाली दुसऱ्याला घ्यायची.

ही बाळंतीण माझ्या मैत्रिणीची लेक. ख्रिस्ती घर आहे. ती आणि जावई दोघंही डॉक्टर. पूर्व आफ्रिकेतल्या एका मिशनच्या दवाखान्यात दोन वर्षं काम करायला जायचं त्यांनी लग्नाआधीपासून ठरवलेलं. दिवस राहिले, सोनोग्राफीत तीन दिसले आणि जाणं लांबलं. आता लेकरं चालायला लागलीत आणि दवाखान्याचं बोलावणं पुन्हा आलंय. गल्लीत जो तो तिला विचारतो, "तीन लेकरं घेऊन कसं जमंल तुला?" प्रश्न मायेचा आहे, पण पुरा नाही. दुसऱ्यांच्या सेवेला निघालेल्या माणसाच्या घरचा पाळणा कोण हलवतं, असं विचारायला हवं.

हा प्रश्न मराठी मुलखात दोनशे वर्षं जुना आहे. फक्त तेव्हा मिशनरी बाहेरून इकडे यायचे. अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेने १८१२ मध्ये हिंदुस्थानात पाठवलेल्या पहिल्या तुकडीत सॅम्युअल न्यूवेल आणि त्याची बायको हॅरिएट होती. कंपनी सरकारने त्यांना कलकत्त्यात राहू दिलं नाही. मॉरिशसच्या वाटेवर जहाजातच हॅरिएट बाळंत झाली. मुलगी काही दिवसांत गेली आणि त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला मॉरिशसला हॅरिएटही गेली. वय १९. नवरा पुढे मुंबईत काम करत राहिला आणि १८२१ मध्ये तिथेच पटकीने वारला. त्याच तुकडीतला गॉर्डन हॉल १८१३ पासून मुंबईत होता. त्याच्या बायकोने १८२५ मध्ये दोन मुलांच्या प्रकृतीसाठी त्यांना घेऊन अमेरिकेचं जहाज पकडलं. एक मुलगा वाटेतच गेला. पुढच्या वर्षी नाशिकहून परतताना हॉलला पटकी झाली आणि तोही गेला. चरित्रांत याला त्याग म्हटलं आहे. पण त्याग स्वतःच्या जिवाचा करता येतो. लेकराला कोणी विचारलेलं नसतं.

स्कॉटिश मिशनच्या मार्गारेट विल्सन १८२९ मध्ये नवरा जॉन विल्सन यांच्याबरोबर मुंबईत आल्या. आल्याबरोबर मराठी शिकल्या, मुलींच्या शाळा काढल्या आणि शाळा सांभाळता सांभाळता स्वतःची बाळंतपणंही झाली. १८३५ मध्ये त्या गेल्या. त्यांचं काम पुढे न्यायला स्कॉटलंडहून त्यांच्या दोन बहिणी आल्या. एका बाईच्या जागी दोन लागल्या, यावरून ती एकटी किती कामं ओढत होती ते कळतं.

पुढे मिशनऱ्यांचा जम बसला, बंगले झाले. बंगला आला की आया आली. साहेबाची मुलं मराठी शिकली ती बहुतेक आयांच्या मांडीवर. मुलं शाळेच्या वयाची झाली की त्यांना बोटीने मायदेशी पाठवायचं, नाहीतर थंड हवेच्या ठिकाणी. अमेरिकन मिशनऱ्यांच्या मुलांसाठी १९०१ मध्ये कोडाइकनालला शाळाच निघाली. मिशनच्या अहवालांत शाळा किती, बाप्तिस्मे किती, औषधं किती वाटली याचे आकडे असतात. आयांची नावं शोधावी लागतात. त्यांच्या स्वतःच्या लेकरांना त्या वेळी कोण सांभाळत होतं, हे विचारणं तर कुणाला सुचलंच नाही.

हा सगळा गुंता एकाच घरात पाहायचा असेल तर पंडिता रमाबाईंकडे जावं लागतं. १८८२ मध्ये पती गेले तेव्हा मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती. पुढच्या वर्षी तिला घेऊन रमाबाई इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या भगिनींच्या मठात राहिल्या आणि तिथेच ख्रिस्ती झाल्या. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या डॉक्टरकीच्या पदवीदानासाठी त्या अमेरिकेत पोहोचल्या. पुढे गावोगाव व्याख्यानं द्यायची, विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा करायचा, म्हणून त्यांनी मनोरमेला परत वाँटेजला पाठवलं. तिथे तिला सिस्टर जेराल्डिन यांनी सांभाळलं. रमाबाई या इंग्रज जोगिणीला पत्रात लिहीत ते "आजीबाई" म्हणून. आपल्याकडे ज्या बाईने लेकराला अंगाखांद्यावर वाढवलं तिला नात्याचं नाव मिळतं, मग ती कुठल्याही मुलखातली असो.

पण आजीबाई म्हटल्याने हक्काचा प्रश्न मिटत नाही. मनोरमेला धर्माची शिकवण कोणती द्यायची यावरून दोघींत पत्रांतून वाद झाले. मूल सोपवलं असलं तरी आई मीच, हे रमाबाई सोडायला तयार नव्हत्या. आम्ही वाढवतो आहोत तर आमच्या रीतीने वाढवू, असं मठाला वाटत होतं. मला यात दोघींचंही खरं दिसतं. जे हात पाजतात, न्हाऊ घालतात, त्यांचं मतही लेकरात उतरतं. मजुरी देऊन हात घेतले म्हणून मत बाहेर ठेवता येत नाही. रमाबाई परतल्या आणि ११ मार्च १८८९ ला मुंबईत विधवांसाठी शारदासदन उघडलं. पुढे मनोरमा आईच्या कामात बरोबरीने उभी राहिली आणि निजामाच्या राज्यात गुलबर्ग्याला तिने शाळा काढली. नांदेड-लातूरही तेव्हा त्याच राज्यात होतं. १९२१ मध्ये मनोरमा गेली. त्यानंतर रमाबाई वर्षभरही जगल्या नाहीत.

याच्या उलट वाट हेमलकशाची. डॉ. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे १९७३ च्या अखेरीस भामरागडच्या जंगलात माडिया आदिवासींच्या सेवेला गेले. त्यांची मुलं माडिया लेकरांबरोबर तिथल्याच आश्रमशाळेत शिकली. दिगंत डॉक्टर झाले, अनिकेतही तिथल्याच कामात रमले. मुलांना सेवेपासून दूर ठेवून वाढवायचं की सेवेतच वाढवायचं, याचं हे एक उत्तर आहे. पण त्याची किंमत सोपी नव्हती. दवाखाना, शाळा आणि घर एकाच अंगणात आलं की आईची पाळी कधी संपते, हे कोणाला सांगता येत नाही.

आणि आपल्याच जिल्ह्यात एक स्थलांतर असं आहे, ज्याला कोणी ध्येय म्हणत नाही. मुखेड, कंधार, लोह्याकडची माणसं दिवाळी उरकून ऊसतोडीला निघतात. नवराबायको मिळून मोजणीत एक "कोयता". एकटा गेला तर अर्धा. लहान लेकरू बरोबर न्यावं तर ते फडात पाचटावर झोपतं. गावी ठेवावं तर आजीकडे. मुकादमाच्या वहीत उचल लिहिलेली असते, आजी लिहिलेली नसते. ती नसती तर पूर्ण कोयता बाहेर पडलाच नसता. मिशनरी जहाजाने गेला, तोडकरी ट्रॅक्टरने जातो. पण दोघांच्या मागे कुणीतरी पाळण्याशी बसलेलं असतं आणि ते वहीत येत नाही.

म्हणून मला ही तिळी थोर वाटतात. एक मूल असलं की हे सगळं झाकता येतं. आई रात्री जागते, सकाळी कामावर येते आणि सगळे म्हणतात, बाई मोठी कर्तबगार. जुळ्यांतही ओढूनताणून झाकता येतं. तीन आली की दोन हात पुरत नाहीत, चारही पुरत नाहीत आणि हिशेब भिंतीवर लागतो. शेजारच्या घरातल्या त्या तक्त्यात जावयाचं अक्षर होतं, सासूचं होतं, शेक-शेगडीला येणाऱ्या मावशींसाठी कुणी तरी काढलेल्या खुणा होत्या आणि दोन-चार ठिकाणी माझंही होतं. चार महिने आम्ही गल्लीतल्या पाच-सहा बायकांनी त्या रकान्यांत वेळा भरल्या.

सेवेला जाऊ नये, असं मला म्हणायचं नाही. गेलंच पाहिजे. आपल्या लातूरला १९६६ मध्ये बाहेरून आलेल्या डॉक्टरांनी विवेकानंद रुग्णालय उभं केलं नसतं तर या भागातली किती तरी माणसं उपचाराविना राहिली असती. पण ध्येयवादी माणसाचं चरित्र लिहिताना एक पान त्या तक्त्याचंही असावं. ज्याच्या छातीवर पदक लागतं, त्याच्या घरी पाळण्याची दोरी कोणाच्या हातात होती तेही लिहावं. आणि ज्यांनी ती धरली त्यांना नुसतं गृहीत धरू नये.

परवा मैत्रिणीकडे गेले तर दवाखान्याचा अर्ज टेबलावर होता. लेकीने सोबत येणाऱ्यांत आपल्या आईचं नाव घातलं होतं आणि तिच्याही तिकिटाचे पैसे मागितले होते. मैत्रीण कुरकुरत होती, "मी काय डॉक्टर आहे का? हे लोक हसतील." लेक म्हणाली, "तू नाही तर मीही नाही." पुढे कामाचं स्वरूप असा रकाना होता. बराच वेळ तो कोरा होता. तिळी टेबलाखाली एकमेकांचे मोजे ओढत होती. शेवटी मैत्रिणीने चष्मा लावला, पेन घेतलं आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं: आजी, तिघांची.