दप्तरावरचं नाव

आठवीत असताना मला एक निळं दप्तर मिळालं. शाळेच्या मैदानावर मांडव, लाऊडस्पीकर, हारतुरे आणि आम्ही वीस जण ओळीने उभे. आधी माइकवरून नाव, मग 'वडील नाहीत' किंवा 'आई मजुरी करते' असं एक वाक्य, मग दप्तर. फोटोग्राफर 'झालं' म्हणेपर्यंत पट्ट्यावर दोन हात तसेच थांबलेले, एक देणाऱ्याचा, एक माझा.

दप्तर मजबूत होतं, दहावीपर्यंत टिकलं. हे आधीच सांगतो, कारण पुढचं बोलणं कृतघ्नपणाचं वाटू शकतं. त्यावर क्लबचं नाव ठळक छापलेलं होतं. ती बाजू अंगाकडे येईल असं मी ते रोज खांद्याला अडकवायचो.

आज मी अशाच एका क्लबच्या युवा शाखेत काम करतो. गेल्या जूनमध्ये वह्यावाटपाची बैठक होती. मी म्हणालो, ''या वर्षी मुलांचे फोटो नकोत.'' खजिनदार काका शांतपणे म्हणाले, ''फोटो नसतील तर पुढच्या वर्षी देणगी कोण देईल? तुझ्या तत्त्वापायी वीस पोरांच्या वह्या जातील.''

काका प्रसिद्धीला हपापलेले नाहीत. स्वतःचं पेट्रोल जाळून दुकानोदुकानी फिरतात आणि फोटोत कधीच नसतात. त्यामुळे त्यांचा मुद्दा झटकून टाकता येईना. एका पोराची पाच मिनिटांची लाज एकीकडे, वीस पोरांच्या वह्या दुसरीकडे. हिशेब सोपा दिसतो.

पण या हिशेबात खर्च कोणाचा? देणगीदार स्वतःचे पैसे खर्च करतो, काका स्वतःचा वेळ. लाज मात्र त्या मुलाची असते आणि ती आपण त्याला न विचारता खर्च करतो.

आपल्याकडे गुप्तदानाचं मोठं कौतुक आहे. पण त्यातही काळजी बरीचशी देणाऱ्याच्या मनाची: अहंकार नको, हेतू शुद्ध हवा. माझं दप्तर शुद्ध हेतूने दिलेलंही असेल, तरी मी ते उलटंच अडकवलं असतं.

1905 मध्ये शिकागोत सुरू झालेल्या रोटरीच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक होतं शहरात सार्वजनिक स्वच्छतागृहं व्हावीत यासाठीचं. स्वच्छतागृहातून बाहेर पडणाऱ्याला कुणी स्टेजवर बोलवत नाही. तो लाभार्थी नसतो, नागरिक असतो. 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी वेगळी वाट काढली. कमवा आणि शिका. शेतात राबून शिकणाऱ्या पोराला ताटावर मान खाली घालावी लागत नव्हती.

वह्यांचं तसं होत नाही. त्या कुणीतरी कुणाला तरी द्याव्याच लागतात. मग आम्ही एवढंच ठरवलं की विचारायचं. पण त्यातही मेख होती. वह्यांचा गठ्ठा हातात धरून 'फोटो काढू का?' विचारलं, तर कोणतं पोर नाही म्हणेल? म्हणून वह्या आधी, वर्गशिक्षकांच्या हातून. घरच्या परिस्थितीचं वाक्य कायमचं बंद. आणि चार दिवसांनी प्रश्न, चिठ्ठीवर.

बऱ्याच चिठ्ठ्यांवर 'नको' होतं. काका त्या एकेक उलगडून वाचत होते. वाचून झाल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ''एवढी वर्षं कुणी सांगितलंच नाही.''

''आपण विचारलंच नव्हतं,'' मी म्हणालो. मीही कुठे सांगितलं होतं?

एका चिठ्ठीवर मात्र लिहिलं होतं : 'हो. पण माझा एकट्याचा. वह्या नीट दिसल्या पाहिजेत. आजीला दाखवायचाय.'

तो फोटो काकांनी स्वतः काढला. मुलगा छाती काढून उभा आहे, वह्या दोन्ही हातांत, आणि फ्रेममध्ये दुसऱ्या कुणाचाही हात नाही.